काठी कुणाच्या हाती, पाठ कुणाची?



नाक्यावर, कारखान्याच्या गेटवर, लोकलच्या डब्यात एक वाक्य हमखास कानावर पडते. "या देशाला एकदा हुकूमशहाच पाहिजे. दहा-वीस जणांना भर चौकात गोळ्या घाला, मग बघा कसे सगळे सुतासारखे सरळ होतात!" बोलणारा माणूस वाईट नसतो. महागाईने पिचलेला असतो, मुकादमाने नाडलेला असतो. त्याची चीड खरी असते. आपल्या वस्तीतली शिकलेली पोरे हीच गोष्ट जरा वेगळ्या भाषेत बोलतात. संविधानाने आम्हाला काय दिले? आता क्रांतीच पाहिजे, आणि क्रांती म्हटली की रक्त सांडणारच!

या चिडीची टिंगल करणाऱ्यांतले आम्ही नाही. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर जन्म काढावा लागला, त्यांनी व्यवस्था उलथून टाकण्याची भाषा करायची नाही, तर कुणी करायची? पण एक हिशेब मांडल्याशिवाय ही भाषा तोंडात घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. क्रांती करून जे सरकार गादीवर बसते, त्याच्या हातातली काठी पहिल्या दिवशी जमीनदाराच्या पाठीवर पडत असेल. पण शेवटी ती कुणाच्या पाठीवर पडते? हा हिशेब आज करू.

सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावापासून करू. पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भाव्यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे त्यांचा जन्म झाला. या गावातून निघालेला माणूस १९५१ साली तेलंगणात पायी फिरत होता. तेव्हाचे तेलंगण म्हणजे बंदुकीच्या धुराने काळवंडलेला मुलूख होता.

निजामाच्या राज्यात देशमुख-जहागीरदारांची वेठबिगारी चालत असे. तिच्याविरुद्ध १९४६ पासून कम्युनिस्टांच्या पुढाकाराने शेतकरी-शेतमजूर उठले. गावोगाव त्यांनी आपले ग्रामराज्य उभे केले, वेठ बंद पाडली, जमिनी वाटल्या. निजामाच्या रझाकारांनी गावे जाळली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचे सैन्य हैदराबादेत शिरले आणि निजाम शरण आला. पण कम्युनिस्टांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. मग त्याच सैन्याच्या आणि पोलिसांच्या बंदुका त्यांच्याकडे वळल्या. पळालेले जमीनदार फौजेच्या आडोशाने परत आले. तीन वर्षे हे चालले. एका बाजूने क्रांतिकारकांची दलम जमीनदारांना आणि खबऱ्यांना टिपत होती, दुसऱ्या बाजूने स्वराज्याचे नवे सरकार कम्युनिस्टांना आणि त्यांना भाकरी देणाऱ्यांना टिपत होते. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला. तोवर आपली सुमारे चार हजार माणसे मारली गेली, असे पक्षाचे नेते पी. सुंदरय्या यांनी लिहून ठेवले आहे. त्यांत मोठा भरणा गरीब शेतकऱ्यांचा होता.

अशा मुलखात १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला पोहोचले. तुम्हाला काय पाहिजे, असे त्यांनी तिथल्या लोकांना विचारले. उत्तर दिले ते दलित वस्तीने. आम्ही ४० घरे आहोत, आम्हाला ८० एकर जमीन पाहिजे! गावच्याच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले आणि भूदान चळवळ जन्माला आली. पुढे देशभरातून लाखो एकर दान मिळाले, पण त्यातली कितीतरी जमीन खडकाळ निघाली, वादातली निघाली किंवा कागदावरच राहिली.

वाचकहो, या पोचमपल्लीच्या दलितांची जागा ध्यानात घ्या. कम्युनिस्टांचे दलम आले की भाकरी त्यांनी द्यायची. पोलीस आले की भाकरी का दिली म्हणून मारही त्यांनीच खायचा. दोन बंदुकांच्या मध्ये ते उभे होते, आणि त्यांचे मागणे मात्र फक्त ८० एकरांचे होते. क्रांतीच्या आणि सरकारच्या भांडणात गरिबाची जागा बहुधा हीच असते.

कुणी म्हणेल, तेलंगणात क्रांती पुरी झालीच नाही, म्हणून असे झाले. ठीक आहे. जिथे पुरी झाली तिथले पाहू.

फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द तिने जगाच्या ओठांवर आणले. पण १७९३-९४ मध्ये त्याच क्रांतीच्या सरकारने सुमारे १७ हजार जणांना शिक्षा फर्मावून ठार केले. जून १७९४ च्या एका कायद्याने आरोपीचा वकील काढून घेतला. निकाल दोनच ठेवले, सुटका नाहीतर मृत्यू! हे मेलेले सगळे राजेरजवाडे असतील, असा आपला समज असतो. इतिहासकारांनी यादी तपासली, तेव्हा दर शंभरात ऐंशीहून अधिक जण ना सरदार निघाले ना धर्मगुरू. शेतकरी, कारागीर, दुकानदार, मजूर हेच त्यांत होते. हे यंत्र चालवणाऱ्या रोबेस्पिएरची मानही २८ जुलै १७९४ रोजी त्याच यंत्राखाली गेली.

रशियात १९१७ साली कामगारांच्या नावाने राज्य आले. त्याच डिसेंबरात 'चेका' नावाचे गुप्त पोलीस खाते उभे राहिले. मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाट बंदरातल्या खलाशांनी कामगार-शेतकऱ्यांना बोलण्याचे स्वातंत्र्य द्या, सोव्हिएतच्या निवडणुका मोकळेपणाने घ्या, अशी मागणी केली. क्रोनस्टाटचे खलाशी म्हणजे तर क्रांतीचा अभिमान! सरकारने त्यांना क्रांतीचे वैरी ठरवले आणि लाल सैन्य पाठवून चिरडले. पुढे स्टॅलिनच्या काळात, १९३७-३८ या दोन वर्षांत, सरकारी दप्तराप्रमाणेच ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. किती माणसे पकडायची आणि किती मारायची, याचा आकडा वरून प्रत्येक प्रांताला ठरवून दिला होता. तीन जणांची समिती बसे. आरोपी समोर नसे, वकील नसे, अपील नसे. रेशनचा कोटा ठरावा, तसा मरणाचा कोटा ठरला.

आपण बौद्ध आहोत, म्हणून आणखी दोन देशांची नावे आपल्या घरात माहीत असली पाहिजेत. मंगोलियात १९३७ ते १९३९ या काळात साम्यवादी सरकारने हजारो लामांना ठार मारले आणि शेकडो विहार जमीनदोस्त केले. कंबोडियात १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सत्तेवर आले. त्यांनी शहरे रिकामी केली आणि शेतकऱ्यांचे राज्य आणतो म्हणाले. जानेवारी १९७९ पर्यंत सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, रोगाने, कष्टाने आणि मारहाणीने मेली. भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. राजधानीतल्या एका शाळेचा छळतुरुंग केला होता. त्यात मेलेल्यांत ख्मेर रूजचे स्वतःचे कार्यकर्तेही मोठ्या संख्येने होते.

देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण पायऱ्या त्याच. पहिली पायरी, विरोध करणाऱ्याचे नाव बदलायचे. तो माणूस राहत नाही, 'जनतेचा शत्रू' होतो. दुसरी पायरी, न्यायालय बाजूला सारून समिती बसवायची. समितीला पुरावा लागत नाही, संशय पुरतो. तिसरी पायरी, बाहेरचे शत्रू संपले की घरातले शोधायचे, कारण काठी चालवणाऱ्यांना रोज काम लागते. या तिसऱ्या पायरीवर गरिबाचा नंबर लागतो. श्रीमंत माणूस पळून जातो, ओळख काढतो, पैसे चारतो. गरिबाला पळायला जागा नसते.

महाराष्ट्रातही एक क्रांतिकारी सरकार होऊन गेले. १९४३ ते १९४६ या काळात त्यावेळच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालले. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळे नेमली, सावकारी आणि दारूबंदीचे प्रश्न हाती घेतले, कमी खर्चाची लग्ने लावली, तुफान सेना उभी केली. बहुजनांच्या पोरांनी चालवलेल्या या राज्याचा आम्हाला अभिमान आहे. पण लोकांनी त्याला 'पत्री सरकार' हे नाव का दिले, हेही सांगितले पाहिजे. खबऱ्यांना, दरोडेखोरांना, पिळवणूक करणाऱ्यांना तळपायावर काठीने फोडून काढण्याची शिक्षा तिथे होती. विरोधकांनी तर पायाला घोड्याचे नाल ठोकतात, अशी आवई उठवली होती. ज्याच्या पायावर काठी पडली तो बहुतेक वेळा दोषी असेलही. पण एखादा नसला, तर त्याने अपील कुठे करायचे? भूमिगत राज्यात वरचे कोर्ट नसते. या मंडळींचे मोठेपण असे की, १९४६ नंतर त्यांनी ते राज्य स्वतःहून आवरते घेतले आणि ती लोकांच्या मतपेटीपुढे उभी राहिली. नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. काठी खाली ठेवणे हे उगारण्यापेक्षा अवघड असते, आणि ते त्यांनी केले.

ज्यांनी खाली ठेवली नाही त्यांचे काय झाले, ते गडचिरोलीच्या आणि बस्तरच्या जंगलात दिसले. तिथे नक्षलवाद्यांनी 'जनताना सरकार' स्थापले, जनअदालती भरवल्या आणि 'पोलिसांचा खबऱ्या' असा ठपका ठेवून आदिवासींनाच मारले. समोरून सरकारनेही छत्तीसगडमध्ये आदिवासी पोरांच्याच हाती बंदुका देऊन त्यांना आपल्याच माणसांवर सोडले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला. पोचमपल्लीतल्या माणसाची जागा साठ वर्षांनंतरही बदलली नव्हती.

मग आपला मार्ग कोणता? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचे उत्तर महापरिनिर्वाणाच्या अवघे सोळा दिवस आधी दिले. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या विषयावर बोलले. मार्क्सने सांगितलेले दुःख त्यांनी नाकारले नाही. गरिबाची पिळवणूक होते, हे बुद्धानेही सांगितले आहे. फरक मार्गात आहे. हुकूमशाहीने आणलेली समता हुकूमशाही असेपर्यंत टिकते, आणि स्वातंत्र्य-बंधुता गमावून मिळालेल्या समतेला किंमत नाही, असा त्यांच्या विचारांचा गाभा आहे. भिक्खू संघात खासगी मालमत्तेला जागा नव्हती, पण त्यासाठी कुणावर तलवार उगारावी लागली नाही, हे ते दाखवून देतात.

याचा अर्थ बुद्धाने गुन्हेगाराला मोकळे सोडा म्हटले, असा नाही. वैशालीच्या सिंह सेनापतीने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. अपराध्याला शिक्षा करायची की नाही? तथागतांनी सांगितले की, शिक्षेला पात्र असलेल्याला शिक्षा झाली पाहिजे, पण ती द्वेषापोटी नव्हे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आम्हाला वाटते, सगळी मेख इथेच आहे. ज्या सरकारला मारण्याची इच्छा होते, ते रोज नवी गरज शोधून काढते. म्हणून गरज खरी आहे की खोटी, हे ठरवणारा माणूस काठीवाल्याहून वेगळा असावा लागतो. त्यालाच आपण न्यायालय म्हणतो.

संविधानात बाबासाहेबांनी नेमकी हीच गाठ मारली. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, हे कलम २१. अटक केलेल्याला कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, हे कलम २२. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जा, हे कलम ३२, ज्याला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले. ही कलमे सरकारच्या मित्रांसाठी लिहिलेली नाहीत. मित्राला कलम लागत नाही. ती विरोधकासाठी आहेत.

ही गाठ सैल झाली की काय होते, ते आपण एकदा भोगले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. सरकारची भाषा गरिबांच्या उद्धाराची होती. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन होती, वेठबिगारीची मुक्ती होती. गागोद्याच्या विनोबांनी त्या काळाला 'अनुशासन पर्व' हा शब्द दिला. अनुशासन आचार्यांचे असते, सरकारचे नव्हे, असा खुलासा पुढे झाला. पण तोवर सरकारने तो शब्द आपल्या पाट्यांवर रंगवला होता. एक लाखाहून अधिक लोक तुरुंगात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की, स्थानबद्ध माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे राहिले. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या टेबलावर सक्तीने झोपवले गेलेले लोक बहुतांशी गरीब होते. ज्यांच्या नावाने कार्यक्रम, त्यांच्याच अंगावर सुरी! इतकेच काय, १९७६ मध्ये खुद्द विनोबांच्या पवनार आश्रमातल्या 'मैत्री' मासिकाचे अंकही पोलिसांनी जप्त केले. १९७७ साली लोकांनी मतपेटीतून ते सरकार पाडले. मग १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ स्थगित करता येणार नाही, अशी पक्की गाठ बसली.

गागोद्याच्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांच्या जमावाने आपल्या माणसांची डोकी फोडली. सभेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले गडी होते. बाबासाहेबांनी नुसता इशारा केला असता, तर महाडमध्ये रक्ताचा सडा पडला असता. त्यांनी आपल्या माणसांना आवरले आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचले. काहींना चार महिन्यांची शिक्षा झाली. तळ्याचा दावा तर १७ मार्च १९३७ पर्यंत चालला, पण मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. दहा वर्षे लागली. पण तो निकाल पुन्हा कुणाला फिरवता आला नाही.

जमिनीच्या प्रश्नावरही आपल्या लोकांनी ना बंदूक धरली, ना दानाला हात पसरला. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. तीन लाखांहून अधिक बाया-बापड्यांनी लेकरे काखेत घेऊन तुरुंग भरले.

हे सांगताना आम्ही भाबडे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी आपली १० माणसे मारली. तेव्हाही संविधान होतेच. ते गोळी अडवू शकले नाही. पण त्याने गोळी झाडणाऱ्याचे नाव विचारायला लावले. चौकशी आयोग बसला, गोळीबार असमर्थनीय ठरला, २००९ साली सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, म्हणून तो न्याय अपुरा आहे आणि त्यासाठी लढलेच पाहिजे. पण हेही विचारा की, ख्मेर रूजच्या राज्यात त्या दहा जणांच्या आया-बहिणींनी कुणाच्या दारात जाऊन नाव विचारले असते?

तेव्हा घरोघरी दोन-चार गोष्टी पाठ असाव्यात. घरातल्या कुणाला अटक झाली तर कारण विचारा, अटकेचा पंचनामा मागा, कोणत्या ठाण्यात नेले ते लिहून घ्या, २४ तास मोजा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. रविवारी वंदना झाल्यावर विहारात दहा मिनिटे कलम २२ मोठ्याने वाचा. पोरांना समजावून सांगा.

आणि नाक्यावर कुणी 'चौकात गोळ्या घाला' म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. खांद्यावर हात ठेवून एवढेच विचारा, "दादा, यादी कोण करणार? आणि त्या यादीत तुझे नाव चुकून आले, तर तू कुणाकडे जाणार?"

जयभीम! नमो बुद्धाय!